हासळी आणि चावी

आमच्या थोरल्या वहिनींचा नातू गेल्या श्रावणात पेरूच्या झाडावरून पडला. पेरू हाती लागला नाही आणि हात मात्र कामातून गेला, असे प्रथम सर्वांना वाटले. पण हात शाबूत होता. मोडले होते ते त्याच्या वरचे, गळ्याजवळचे हाड. मुलांची ही हाडे लवकर जुळतात, काळजीचे काही नाही, असे सांगून डॉक्टरांनी हात गळ्यात अडकवून दिला आणि शाळेसाठी एक दाखला दिला. दाखला मराठीत होता. त्यावर ‘डाव्या जत्रुकास्थीचा भंग’ असे लिहिले होते.

वहिनींनी तो दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मग हलक्या आवाजात मला म्हणाल्या, “भाऊजी, पोराच्या हाडात जंतू झालेत का हो?”

मी हसलो, हे कबूल करतो. आणि हसल्याची लाज त्याच आठवड्यात वाटली. तिसऱ्या रात्री पोर कण्हत होते. वहिनी उठल्या आणि फडताळातून गोळ्यांची एक अर्धी उरलेली पट्टी घेऊन आल्या. सुनेचा घसा धरला होता तेव्हाची ती. गोळीच्या नावाच्या शेपटीला ‘क्लॅव्ह’ अशी अक्षरे होती, आणि क्ष-किरणाच्या तसबिरीबरोबरच्या इंग्रजी कागदावर ‘क्लॅव्हिकल’ हा शब्द होता. वहिनी मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी अक्षरे त्यांना उत्तम लागतात. “हाडाचीच ना ही? नाव तेच आहे,” असे म्हणून त्या गोळी फोडायलाच लागल्या होत्या. मी मधे पडलो म्हणून ती मोठ्या माणसाची गोळी त्या आठ वर्षांच्या पोटात गेली नाही.

एका घरात, एका आठवड्यात, एका हाडाने दोनदा दगा दिला. एकदा संस्कृत शब्दाच्या रूपाने, एकदा लॅटिन शब्दाच्या रूपाने. दोन्ही वेळा वहिनींनी केले ते एवढेच, की न समजणाऱ्या शब्दाला त्यांनी समजणाऱ्या शब्दाच्या आवाजावरून ओळखण्याचा प्रयत्न केला. यात अडाणीपणा कसला? आपण सारेच असे करतो. तेव्हा दोष ऐकणारीचा की शब्द देणाऱ्याचा, हे तपासावे म्हणून मी कोश काढून बसलो. हा लेख त्या बैठकीचा आहे.

प्रथम त्या गोळीचा निकाल लावू. तिच्या नावातला ‘क्लॅव्ह’ म्हणजे क्लॅव्ह्युलानिक आम्ल. काही जंतू पेनिसिलीनच्या जातीचे औषध फोडून टाकणारे एक द्रव्य तयार करतात. हे आम्ल त्या द्रव्याला निकामी करते, म्हणजे बरोबरच्या औषधाला आपले काम करता येते. हे आम्ल ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस, आणि या विशेषणाचा अर्थ ‘लहान लहान सोटे बाळगणारा’. लॅटिनमध्ये ‘क्लावा’ म्हणजे सोटा, गदा. बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट रोग आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. त्या बुरशीचे घराणे ‘क्लॅव्हिसेप्स’, म्हणजे सोट्यासारखे डोके असलेली. तेव्हा वहिनींच्या हातात होता तो सोटा. हाडाच्या नावात आहे ती किल्ली.

कारण लॅटिनमध्ये दुसरा शब्द आहे ‘क्लाविस’, म्हणजे किल्ली. आणि तिसरा आहे ‘क्लावुस’, म्हणजे खिळा. पायाला कुरूप होते त्याला डॉक्टर ‘क्लावुस’ म्हणतात, कारण ते खिळ्यासारखे रुतते. लवंगेचे इंग्रजी नाव फ्रेंचांच्या वाटेने याच खिळ्यापासून आले. लवंग हातात धरून पाहा, डोक्याचा खिळाच तो. सोटा, किल्ली, खिळा असे हे तीन शब्द आवाजाने जुळ्यांसारखे आणि अर्थाने तीन दिशांना गेलेले. खुद्द रोमनांच्या भाषेतही घोटाळ्याला जागा होती. ‘क्लाविजेर’ हे विशेषण ओव्हिड कवीने दोन देवांना लावले आहे. दारांचा देव जेनस याला लावतो तेव्हा अर्थ किल्लीधर, आणि हर्क्युलीसला लावतो तेव्हा गदाधर. रोमन वाचक फसला नाही, कारण दोघे देव त्याच्या ओळखीचे होते. आमच्या वहिनींना ना जेनस माहीत, ना हर्क्युलीस.

आता हाडाकडे येऊ. या हाडाचे लॅटिन नाव ‘क्लाविकुला’, म्हणजे चिमुकली किल्ली. शाळेत हे मी शिकलो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ट्रंकेची किल्ली आली, आणि या हाडात तिचे काय दिसते ते काही केल्या कळेना. मास्तर म्हणाले, हात वर करताना हे हाड स्वतःभोवती थोडे फिरते, किल्ली फिरते तसे. फिरते हे खरे. पण नाव पडले ते बहुधा फिरण्यावरून नव्हे. ग्रीक भाषेत होमरच्या काळापासून ‘क्लेइस’ हा एकच शब्द किल्लीला, अडसराला आणि या हाडाला चालत आला आहे. ग्रीकांच्या देवळाची किल्ली म्हणजे दोनदा वाकवलेली लांब सळई. पुजारीण ती खांद्यावर टाकून चालत असे. आपल्या गळ्याखालचे हाड असेच दोनदा वाकलेले आहे, आधी पुढे, मग मागे. ज्याने हे नाव ठेवले त्याने ती पुजारीण रोज पाहिली असणार. पुढे लॅटिनमध्ये त्या शब्दाचा तर्जुमा झाला आणि युरोपच्या वैद्यांनी तो तसाच जपला. किल्ल्यांचे आकार बदलून दोन हजार वर्षे झाली, तरी हाडाचे नाव जुन्याच देवळात राहिले.

गंमत अशी, की रोमनांचे स्वतःचे नाव निराळेच होते. पहिल्या शतकातला सेल्सस या हाडाला ‘युगुलुम’ म्हणतो. ‘युगुम’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. आपले युग आणि जू हे शब्द त्याच कुळातले. आणि आपल्याकडे चरक-सुश्रुतांनी हाडांची मोजदाद केली तेव्हा या हाडाला म्हटले ‘अक्षक’. अक्ष म्हणजे गाडीचा आस. तिकडे जू, इकडे आस! दोन देशांतल्या दोन वैद्यांनी माणसाच्या खांद्याकडे पाहिले आणि दोघांनाही बैलगाडी आठवली. या योगायोगाने मला त्या दिवशी फार आनंद झाला. वहिनींना सांगितले तर त्या म्हणाल्या, “बरोबरच आहे. ओझे तिथेच येते.” शरीरशास्त्रदृष्ट्या हे उत्तर चूक नाही. सबंध हाताला धडाशी जोडणारा हाडाचा दुवा हा एवढाच. बाकी सारे स्नायूंवर लटकलेले. म्हणून तर हातावर किंवा खांद्यावर पडले की धक्का थेट इथे पोहोचतो आणि बहुधा मधल्या भागात हाड मोडते. आईच्या पोटात पाचव्या-सहाव्या आठवड्यात सर्वांआधी हाडपण धरू लागते ते हेच, आणि सर्वांत शेवटी, विशी उलटून गेल्यावर, पुरे होते तेही हेच.

मग ‘जत्रुक’ आले कुठून? ‘जत्रु’ हा शब्द जुना आणि प्रतिष्ठित आहे यात शंका नाही. मानेच्या वरच्या रोगांना आयुर्वेद ‘ऊर्ध्वजत्रुगत’ म्हणतो, आणि डोळे-कान-नाक पाहणारे शालाक्यतंत्र त्यावरच उभे आहे. परंतु चरकाने हाडे मोजताना अक्षक दोन सांगितले आणि जत्रु एक सांगितले. आता आपल्या गळ्याखाली ही हाडे दोन आहेत, हे कोणीही बोट फिरवून पाहावे. जे दोन आहे त्याला एकाचे नाव कसे बसेल? रुडॉल्फ हर्नले या पंडिताने १९०७ मध्ये प्राचीन भारतीय अस्थिविद्येवर ग्रंथ लिहिला, त्यातही गळ्याखालच्या हाडाला अक्षकच मानले आहे. म्हणजे परिभाषा करणाऱ्यांनी संस्कृताकडे धाव घेतली ती घेतली, आणि तिथेही शेजारच्या घराची कडी वाजवली! मला संस्कृत शब्दाचा राग नाही. सावरकरांनी ‘महापौर’ दिला, तो लोकांनी पहिल्या दिवसापासून ओळखला, कारण ‘महा’ही घरचा आणि ‘पौर’ही फार परका नव्हता. ‘जत्रुक’ ऐकून मात्र मराठी माणसाला जत्रा आठवते, नाहीतर जंतू आठवतात.

आणि हे सारे करताना कोणी आजीला विचारले नाही. या हाडाला मराठीत नाव आहे. ते म्हणजे हासळी. हासळी म्हणजे गळ्यात घालायचा चांदीचा कडक, वाकवलेला दागिना. आणि तो जिथे टेकतो त्या हाडालाही जुनी माणसे हासळीच म्हणतात. हिंदीतही ‘हँसली’ असेच दुहेरी चालते. ग्रीकांना तिथे किल्ली दिसली, वैद्यांना गाडी दिसली, आणि आपल्या बायकांना दागिना दिसला. मला विचाराल तर तिन्हींत हीच उपमा सरस आहे. तिला कोश लागत नाही, आरसा लागतो.

यावर शास्त्री म्हणतील की एकाच शब्दाचे दोन अर्थ शास्त्राला चालत नाहीत. का चालू नयेत? ‘क्लाविकुला’ म्हणजे लॅटिनमध्ये वेलीचा ताणाही होतो. रोमन वैद्याने द्राक्षाच्या मळ्यात जाऊन हाड बसवल्याचे ऐकिवात नाही. जर्मनांनी या हाडाला सरळ आपल्या भाषेत ‘किल्लीचे हाड’ म्हटले आणि त्यांचे डॉक्टर व त्यांचे रोगी दोघेही तेच म्हणतात. इंग्रजांनी दोन भांडी वेगळी ठेवली. आपसात बोलताना लॅटिन, रोग्याशी बोलताना ‘कॉलरबोन’. आम्ही तिसराच मार्ग काढला. इंग्रजी कागदावर लॅटिन आणि मराठी कागदावर संस्कृत. रोग्यासाठी भांडेच ठेवले नाही.

परके शब्द घेऊच नयेत असे माझे म्हणणे आहे, असे कृपा करून कोणी समजू नये. उलट, या कोशाच्या बैठकीत मला जो खरा शोध लागला तो याच्या अगदी विरुद्ध आहे. लॅटिनची ती ‘क्लाविस’ वहिनींना परकी नव्हतीच. ती गेली चाळीस वर्षे त्यांच्या कमरेला लटकते आहे! पोर्तुगीज भाषेत लॅटिनच्या आरंभीच्या ‘क्ल’चा पुष्कळदा ‘श’ होतो आणि तो लिहितात मात्र ‘च’ला जवळच्या अक्षरांनी, त्या न्यायाने ‘क्लाविस’ची ‘शाव’ झाली, आणि गोवा-वसईच्या किनाऱ्यावर उतरून तिची आमची ‘चावी’ झाली. पाव, बटाटा, कोबी, पगार, घमेले याच गलबतांतून आले. कोणी समिती बसली नाही, कोणी दाखल्यावर लिहिले नाही. किल्ली घरात असतानाच चावी आली आणि दोघी जावा-जावांसारख्या नांदू लागल्या. यश हवे त्याला गुरुकिल्ली लागते, पण पाणी सोडायला पालिकेचा चावीवालाच यावा लागतो. आणि दोघांत भांडण लावून मजा पाहणाऱ्याने चावी फिरवलेली असते, किल्ली नव्हे. शब्द मुरला म्हणजे काय, ते यावरून कळते.

हीच क्लाविस आणखी किती दारांनी आपल्याकडे येते पाहा. रोमला पोप निवडताना धर्माधिकारी खोलीत कोंडून घेतात, ती ‘किल्लीसकट’ खोली म्हणजे ‘कॉन्क्लेव्ह’. १२६८ साली व्हितेर्बो गावी ही निवड सुरू झाली ती १२७१ पर्यंत संपेना. वैतागलेल्या गावकऱ्यांनी कार्डिनलांना कुलूप घातले, आणि वरचे छप्पर काढले असेही सांगतात. त्यातून निवडून आलेल्या दहाव्या ग्रेगरीने १२७४ मध्ये कोंडण्याचा नियमच करून टाकला. २०२५ च्या मे महिन्यात लिओ चौदावे दुसऱ्याच दिवशी निवडले गेले, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनीही तो शब्द भरपूर वापरला. पण तोच शब्द वाहिन्यांवर ऐकावा तर पंचतारांकित दिवाणखाना, सताड उघडी दारे, हजार निमंत्रित आणि चहा! ज्यात किल्ली आहे त्या शब्दाचे कुलूपच काढून टाकल्यावर उरले काय? साधी परिषद. मग परिषदच म्हणावे.

मराठी माणसाला त्याहून जवळचा आहे तो ‘एन्क्लेव्ह’. परक्या मुलुखाने चहूकडून कुलूपबंद केलेला तुकडा, असा त्याचा अर्थ. दादरा आणि नगर-हवेली हे पोर्तुगिजांचे असे तुकडे होते. दमणहून तिकडे जायचे तर भारताच्या भूमीवरून जावे लागे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात स्वयंसेवकांनी ते मुक्त केले, त्यांत आपले सुधीर फडके होते. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला. १९६० मध्ये निकाल लागला, की सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही आणि वाट अडवण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही. ज्यांनी आम्हाला चावी हा शब्द दिला, त्यांच्याच कुलपाची चावी अखेर आमच्याकडे राहिली. इतिहास असे श्लेष करतो आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ते येत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

स्वयंपाकघरातही ती आहेच. दवाखान्यात हत्यारे वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्राला ‘ऑटोक्लेव्ह’ म्हणतात. पाश्चरच्या सहकाऱ्याने, शांबरलांने, ते १८७९ मध्ये सिद्ध केले. नावाचा अर्थ ‘आपणच आपली किल्ली’. वाफ जितकी कोंडते तितके झाकण घट्ट बसते. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर वापरणाऱ्या गृहिणीला हे दोन वाक्यांत समजते. मी वहिनींना सांगून पाहिले आहे. पेटीच्या पट्ट्यांना इंग्रज ‘किल्ल्या’ म्हणतात तेही या क्लाविसचेच भाषांतर. आपण मात्र पट्टी म्हटले, काळी चार आणि पांढरी दोन म्हटले, आणि त्यावाचून एकाही गवयाचे अडले नाही.

हे पाहिल्यावर माझा त्या दाखल्यावरचा राग वाढला. लॅटिन किल्ली समुद्र ओलांडून आमच्या कमरेला येऊन बसली, कारण तिला उघडायला कुलूप मिळाले. कामाला आलेला शब्द कुठल्याही जातीचा असो, आपला होतो. ‘जत्रुक’ ग्रंथात खुशाल राहावा. पंडितांनी त्यावर वाद घालावा, मीही घातला आहेच. पण ज्या कागदावरून एखादी आजी रात्री पोराला गोळी देणार किंवा देणार नाही, त्या कागदावर हासळी लिहा. ‘डावी हासळी मोडली आहे’. यात शास्त्र कमी पडते कुठे? आणि शहरातल्या तरुण आईला हासळी ठाऊक नसेल तर कंसात कॉलरबोन लिहा, माझी मुळीच तक्रार नाही. गोळ्यांच्या नावांबद्दल तर मी अधिक कडक होईन. त्यांच्या शेपटीला दोनतीन लॅटिन अक्षरे लावणाऱ्याला वाटते की आपण ओळख दिली. अर्धवट ओळख अनोळखीपणापेक्षा कशी घातक असते, ते आमच्या फडताळाने पाहिले आहे.

वहिनींनी ती उरलेली पट्टी दुसऱ्याच दिवशी औषधाच्या दुकानात परत नेऊन दिली. दुकानदाराने ती घेतली, पण पैसे दिले नाहीत, याबद्दल त्या अजून बोलतात.

पाचव्या आठवड्यात पोराच्या गळ्यातली झोळी निघाली. डॉक्टरांनी तसबीर पाहून इंग्रजीत काही लिहून दिले. वहिनींनी कागद न वाचताच घडी करून पिशवीत टाकला, नातवाला जवळ ओढले आणि सदऱ्याची वरची गुंडी काढून त्या हाडावरून सावकाश बोट फिरवले. मधोमध सुपारीएवढी गाठ लागत होती. हाड जुळताना तशी येते, आणि पुढे काही महिन्यांत, कधी वर्षभरात, हळूहळू विरते.

“हासळी जुळली,” त्या म्हणाल्या, “आता पेरू मी काढून देईन.”